पितृपक्षातला प्रोसेसर

भाद्रपदातली पौर्णिमा उलटली की तुळिंजच्या बाजारात दुकानांचे दोन गट पडतात. केळीची पानं, अळू, लाल भोपळा, गवार, काळे तीळ विकणाऱ्यांपुढे सकाळपासून माणसं उभी असतात. सोनार, कापडवाले, फ्रिजवाले आणि कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणारे मात्र काउंटरवर कोपर टेकून मोबाइल बघत बसतात. पितृपक्षात नवी वस्तू घ्यायची नाही, हा नियम या शहरात मराठी माणूस पाळतो तसाच उत्तरेकडून आलेला माणूसही पाळतो. घरांचं बुकिंगसुद्धा थांबतं. जूचंद्रला माझ्या खिडकीतून ‘बजेट होम्स’चा एक मोठा फलक दिसतो. त्याच्याखालच्या विक्री कार्यालयात या दिवसांत फक्त पंखा फिरत असतो.

यंदा पक्ष सुरू झाल्यावर प्रिंटरची केबल आणायला तुळिंजला गेलो. केबल या नियमात बसते की नाही, याचा निर्णय अजून कोणी दिलेला नाही. दुकानदार मनोजभाई केबल शोधता शोधता म्हणाले, “ते होळी गावच्या वहिनींचा मशीन कसा चाललाय?”

“चाललाय.”

“हँग-बिंग?”

“नाही.”

“बस. मग ठीक आहे.”

मनोजभाईंचं तेवढ्यावर समाधान झालं. मला मात्र काही वर्षांपूर्वीचा तो पंधरवडा परतीच्या वाटेवर आठवत राहिला. त्यात कोणाचा जीव धोक्यात नव्हता. एका बाईचं काम हातचं जाणार होतं, आणि ते जाऊ नये म्हणून एक स्वस्तातला प्रोसेसर निवडायचा होता.

होळी हे वसईजवळचं गाव. आमची वाडी तिथे आहे आणि ती माझा थोरला भाऊ बघतो. मी त्याला दादा म्हणतो. दुकानांना पक्षात मंदी असते तेव्हा वाडीत तेजी असते. पहाटेपासून केळीची पानं कापली जातात. चीक हाताला लागतो, वाळून काळा पडतो आणि कोणत्याही साबणाने निघत नाही. अळूच्या जुड्या ओल्या पोत्याखाली रचलेल्या असतात. दुपारी ऊन पाठीला चटके देतं, चारच्या सुमारास पूर्वेकडे ढग गडगडतात, कधी चार सरी पडतात, कधी नुसताच उकाडा वाढतो. हवेत इतका ओलावा असतो की कपाटातली कागदपत्रं मऊ पडतात. कुंपणावर चतुर घिरट्या घालतात. एरवी ज्याला दगड मारून हाकलतात त्या कावळ्याला या दिवसांत लोक हाक मारून बोलावतात.

घरात आमची जुनी बोली चालते. बाहेरच्याला ती चटकन कळत नाही, म्हणून इथली बोलणी नेहमीच्या मराठीत दिली आहेत.

दादाची बायको शुभा, म्हणजे माझी वहिनी, लग्नाआधी वसईतल्या एका छापखान्यात डीटीपीचं काम करायची. पत्रिका, अहवाल, शाळांची मासिकं. लग्नानंतर वाडी आली, मुलगी झाली, मग माझ्या आईचं लांबलेलं आजारपण आलं. छापखाना सुटला. मुलगी ऋता पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तिच्या कॉलेजसाठी घेतलेला डेस्कटॉप आतल्या खोलीत पडून होता. वहिनीने तो पुसला, त्यात मराठी टंक बसवले आणि गावातल्या पत्रिका करून द्यायला सुरुवात केली. त्या वर्षी मुंबईतल्या एका गाइड छापणाऱ्या प्रकाशकाने तिला चाचणी म्हणून भूगोलाचा एक धडा दिला. त्यात नकाशे होते, तक्ते होते, चौकटीतले प्रश्न होते. धड्याची पानं नीट लागली तर पुढची सगळी पुस्तकं तिच्याकडे येणार होती. धडा नवमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हवा होता.

पक्ष लागायच्या आदल्या दिवशी डेस्कटॉप बंद पडला.

मेकॅनिक येऊन बघून गेला. आतला मदरबोर्ड ओलाव्याने गेला होता. त्या जातीचे बोर्ड आता मिळत नाहीत, जुना शोधून बसवला तरी भरवसा नाही, असं त्याचं म्हणणं. जाताना त्याने एक वाक्य सांगितलं आणि ते वाक्य वहिनीने जेवताना दादाला सांगितलं.

“सीपीयू बदलावा लागेल म्हणाला.”

“मग अमावास्या होऊन जाऊ दे,” दादा म्हणाला.

“अमावास्येपर्यंत धडा थांबतोय का?”

“आईची नवमी आठवड्यावर आलीय. तिच्या पानाच्या तोंडावर घरात नवं धूड आणून ठेवू?”

“धडा दुसऱ्या कोणाकडे गेला की गेला. माझ्या वयाच्या बाईला पुन्हा कोण विचारायला येणार आहे?”

आमची आई बाबांच्या हयातीतच गेली. त्यामुळे तिचं श्राद्ध अविधवा नवमीला होतं. दादा फार देवभोळा नाही, पण आईच्या बाबतीत तो वाद घालत नाही. वहिनीही त्या विषयावर पुढे बोलली नाही. पुढचे दोन दिवस त्या घरात पाणी आण, मीठ दे, एवढीच वाक्यं चालू होती. ऋताचा फोन आला की दोघं आळीपाळीने, पण वेगवेगळ्या खोल्यांतून बोलत.

तिसऱ्या दिवशी मी होळीला गेलो. बाबा ओट्यावर बसून केळीच्या सोपटाने अळूच्या जुड्या बांधत होते. भांडण कशावरून आहे हे समजून घ्यायला थोडा वेळ लागला, कारण दोघंही एकच शब्द वापरत होते आणि त्याचा अर्थ दोघांनाही सारखाच लागत होता. तो अर्थच चुकीचा होता. वसई-विरारमधल्या शाळांत, बँकांत, पतपेढ्यांत, आणि मी ज्या वृत्तपत्रात काम केलं तिथेही, टेबलाखालच्या लोखंडी डब्याला सीपीयू म्हणतात. सीपीयूवर पाय ठेवू नका. सीपीयूवरची धूळ पुसा. सीपीयू जरा भिंतीकडे सरकवा. मेकॅनिकने त्याचा मूळ अर्थ घेतला होता. घरात त्याचा लौकिक अर्थ पोचला होता.

मी डब्याचा बाजूचा पत्रा काढला, पंखा उचलला आणि खालचा चौकोन दाखवला.

“सीपीयू हा.”

दादा वाकला. “हा? बिस्किटाएवढा?”

“हा, याच्याखालचा बोर्ड आणि रॅमची पट्टी. एवढंच बदलायचं. सोबत माहिती साठवायला एक एसएसडी घातली तर बरं.”

बाबांनी जुडी खाली ठेवली. “डबा तोच?”

“तोच.”

“टीव्ही?” ते मॉनिटरला टीव्ही म्हणतात.

“तोच. कीबोर्डही तोच.”

“मग ही खरेदी कुठली? दुरुस्ती झाली.” बाबा दादाकडे बघून म्हणाले, “पक्षात विहिरीवरची मोटर जळाली होती, तेव्हा रिवाइंडिंग करून आणलीस की अमावास्येपर्यंत पानवेल वाळत ठेवलीस?”

“तेव्हा नुसती तार घातली होती, बाबा.”

“जुनी घातलीस?”

“नवी.”

“मग?”

दादाने पुन्हा वाकून तो चौकोन बघितला. त्याने स्वतःच विचारलं, “हे मिळतं कुठे?” आतल्या खोलीत वहिनीच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे ती दाराशी उभी राहून ऐकत होती.

बाबांच्या निर्णयाला एक अट चिकटलेली होती आणि ती कोणी मोठ्याने बोललं नाही तरी सगळ्यांना समजली होती. डबा बदलला तर दुरुस्ती राहणार नाही. डबा तोच म्हणजे त्यातला वीज पुरवणारा भागही तोच. तो जुना आणि अशक्त. म्हणजे भरपूर वीज खाणारा प्रोसेसर चालणार नाही, वेगळं ग्राफिक्स कार्ड तर नाहीच. संध्याकाळी फोनवर ऋताने जे सांगितलं ते याला धरूनच होतं. तिला पक्षाबद्दल काही सांगितलेलं नव्हतं.

“आई, तू त्यावर काय करणार? पानं लावणार, नकाशे टाकणार, पीडीएफ काढणार. गेम खेळणारेस?”

“मी नाही. तुझे पप्पा पत्ते खेळतील.”

“पत्त्यांना काही लागत नाही. मग सगळ्यात खालचा घेऊ नका, तो दोन वर्षांत रडवतो. वरचाही नको. चार कोअरचा पुरे. फक्त त्याच्या अंगातच ग्राफिक्स पाहिजे. वाचतील ते पैसे रॅममध्ये घाला.”

दादा मध्ये पडला. “घेतोच आहोत तर मोठाच घेऊ ना. पुन्हा पुन्हा कोण उघडणार?”

“पप्पा, आपल्या विहिरीची पाच हॉर्सपॉवरची मोटर का काढून टाकली?”

“पाणी ओढून तळाला जायची. मग कोरडी फिरायची.”

“तसंच हे. आईच्या कामाला जेवढं लागतं तेवढंच घ्यायचं.”

तिने प्रोसेसरचं पूर्ण नाव मेसेज करून पाठवलं. कंपनी, पिढी, मग पाच आकडी नंबर. गाडीच्या नंबरसारखं नाव.

या भागात बजेट हा शब्द सगळीकडे लागतो. बजेट घर, बजेट हॉल, बजेट मोबाइल. जाहिरात करणारे तो ‘कमी’ या अर्थाने वापरतात आणि घेणारे ‘जमेल’ या अर्थाने. त्या आठवड्यात प्रोसेसरबद्दलची बरीच माहिती वाचावी लागली. बहुतेक लेखांचा सूर असा होता की स्वस्त घेणाऱ्याची समजूत काढायची आहे. ज्याला वरचं परवडत नाही त्याने हे घ्यावं, अशी भाषा. वहिनीला वरच्याची गरजच नव्हती. एका वेळी एक पुस्तक, एक नकाशा, एक ओळ, अशा कामाला पुरणारी वस्तू कमी दर्जाची कशी ठरते, ते त्या लेखांत कुठे सापडलं नाही.

अष्टमीला दुपारी दादा आणि मी तुळिंजला गेलो. डबा पोत्यात गुंडाळून स्कूटरवर माझ्या मांडीवर होता. मनोजभाईंच्या दुकानात आमच्याशिवाय कोणी नव्हतं. पक्षात गिऱ्हाईक आलेलं बघून त्यांनी आधी पंखा लावला, मग पत्ता विचारायला आलोय का असं विचारलं.

दादाने माझ्या फोनवरचं नाव वाचून दाखवलं.

“आहे ना. आणि शेठ, याच्यातच दुसरा पण आहे. सेम टू सेम. थोडा सस्ता पडेल.”

“सेम म्हणजे तोच?”

“तोच. कोअर तेवढेच, स्पीड तेवढाच. बस यात डिस्प्ले नाही.”

“डिस्प्ले आहे आमच्याकडे,” दादा म्हणाला. “घरी आहे. चांगला आहे.”

“पक्का?”

“अरे, आताच पुसून आलोय.”

“मग हाच घ्या. फुकटचे पैसे कशाला घालवता?”

हे बोलणं मी दोघांच्या मध्ये उभा राहून ऐकलं आहे, आणि मलाही त्यात काही खटकलं नाही. दोघांनीही खरं तेच सांगितलं. मनोजभाई प्रोसेसर बोर्डावर बसवत असताना वीज गेली. इन्व्हर्टर दुरुस्तीला गेला होता. दाराशी उजेडात खुर्ची ओढून त्यांनी उरलेले स्क्रू आवळले, एसएसडीत सगळं आधीच भरून ठेवलं आहे असं सांगितलं, आणि म्हणाले, “चेक करता येत नाही आता. घरी जाऊन डिस्प्ले लावा, चालू होईल.”

घरी मॉनिटर लावला. पंखा फिरला. बोर्डावर एक हिरवा ठिपका पेटला. पडदा काळा राहिला आणि त्यावर ‘सिग्नल नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकत राहिले. वायर काढून पुन्हा लावली. बंद करून चालू केला. शब्द सरकतच होते.

कोणी काही बोललं नसतं तर बरं झालं असतं.

“म्हणून सांगत होतो, पक्षात नको,” दादा म्हणाला.

“पक्षाचं नाव काढू नका!” वहिनीचा आवाज ओट्यापर्यंत गेला. “पक्षात पानं विकता ना? दुप्पट भाव घेता तेव्हा पक्ष आठवतो? माझ्याच कामाला बरा आडवा येतो.”

बाबा ओट्यावरून उठून आत आले, पडद्याकडे बघितलं आणि परत जाऊन बसले. त्यांनी दिलेला निर्णय होता, त्यामुळे त्यांनाही ते लागलं असावं. बाहेर ढग गडगडत होते. नवमीचा स्वयंपाक दुसऱ्या दिवशी होता आणि धडा त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जायचा होता. वहिनी पलंगावर बसून राहिली.

मग तिने प्रोसेसरचं रिकामं खोकं हातात घेतलं. “भाऊजी, ऋताचा मेसेज काढा बघू.”

फोन तिने खोक्याशेजारी धरला. छापखान्यात प्रुफं तपासणारे मूळ प्रत डावीकडे आणि प्रूफ उजवीकडे ठेवतात, बोट दोन्हीवर बरोबरीने सरकतं. तिचं बोट तसं सरकत गेलं. कंपनी, पिढी, आकडा, आकडा, आकडा. शेवटी ते थांबलं.

“इथे एक अक्षर जास्त आहे.”

आकड्यांच्या शेपटीला इंग्रजी एफ होता. ऋताच्या मेसेजमध्ये तो नव्हता. ऋताला फोन लावला. तिने कपाळावर हात मारल्याचा आवाज इकडे ऐकू आला. एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सचा भाग चालत नाही. पडद्याला चित्र पाठवायला त्याला वेगळं कार्ड लागतं. बाकी सगळं सेम टू सेम.

“तुटलेलं काही नाही, आई. फक्त बदलून आणा. आताच्या आता जा.”

या वेळी स्कूटरवर दादाच्या मागे वहिनी बसली. मी रिक्षाने डबा घेऊन मागून पोचलो तेव्हा वाद सुरू झालेला होता.

“काकी, सील तुटलं ना,” मनोजभाई म्हणत होते. “वर थंड ठेवायची पेस्ट लागली. असा परत कसा घेऊ?”

“मग देताना सांगायचं होतं, याने चित्र दिसत नाही म्हणून.”

“सांगितलं! शेठना विचारा. मी बोललो, यात डिस्प्ले नाही.”

“आणि मी सांगितलं, डिस्प्ले आहे,” दादा म्हणाला.

“हो ना! मग लावला का नाही?”

“लावला. टेबलावर आहे. बावीस इंची.”

मनोजभाईंनी काउंटरवर हात आपटला आणि खुर्चीत मागे रेलून हसायला लागले. “अरे शेठ, तो मॉनिटर! मी डिस्प्ले कार्डचं बोलतोय!” दादालाही हसू फुटलं. गेल्या कित्येक दिवसांत तो हसला नव्हता. वहिनीने पदर तोंडाला लावला. तिचे डोळे मात्र अजून मनोजभाईंच्या हातातल्या खोक्यावर होते.

“म्हणजे घेणार ना परत?” तिने विचारलं.

“घेतो, काकी. विरारला एका मुलाचं गेमिंगचं मशीन बनवायचंय, त्यात कार्ड आहेच. त्याला घालतो. सील तुटलंय ते त्याला सांगून.” त्यांनी दुसरं खोकं काढलं. “पक्षात पहिलं गिऱ्हाईक तुम्ही. तुम्हाला रिकामं पाठवलं तर माझेच बापजादे रागावतील.”

या वेळी वीज होती. मनोजभाईंनी प्रोसेसर बसवला, आपला मॉनिटर जोडला. वहिनीने खोक्यावरचं नाव पुन्हा एकदा बोट फिरवून वाचलं. पडदा आधी काळाच होता. मग कंपनीचं चिन्ह उमटलं, खाली ठिपके गोल फिरले आणि निळा उजेड तिघांच्या तोंडावर पडला. दादाने इतका मोठा श्वास सोडला की शेजारच्या साडीच्या दुकानातला माणूस बाहेर डोकावला.

धडा वेळेत गेला. प्रकाशकाने त्यात दोन दुरुस्त्या सांगितल्या आणि त्याबरोबरच पुढचे तीन धडे पाठवले. तेव्हापासून वहिनी त्यांची पुस्तकं लावते आहे. परीक्षांच्या आधीच्या महिन्यांत वाडीतल्या कामाला एक बाई जास्त लावावी लागते, कारण वहिनीला वेळ नसतो. तो प्रोसेसर आता बाजारात मिळत नाही. त्याच्यानंतर दोन-तीन पिढ्या येऊन गेल्या, प्रत्येकीच्या जाहिरातीत आधीची पिढी किती हळू होती ते सांगितलेलं असतं. होळीच्या आतल्या खोलीत मात्र ती बातमी पोचलेली नाही. चालणाऱ्या यंत्राकडे कोणाचं लक्ष नसतं आणि त्या घरात आता त्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही. गेल्या वर्षी मी विचारलं, मशीन कसं आहे? वहिनी क्षणभर गोंधळली. कुठलं मशीन, शिलाईचं?

त्या वर्षीची नवमी मात्र अजून नीट आठवते. सकाळपासून चूल, पुरण, वडे, अळूचं फदफदं. आईचं पान वाडीच्या बांधावर ठेवलं आणि कावळा लगेच आला. जेवायला वसईहून आमची आत्या आणि तिचे यजमान आले होते. पक्षात आणलेला कॉम्प्युटर बघायचा म्हणून जेवणं झाल्यावर सगळे आतल्या खोलीत जमले. आत्याने डब्याला बोट लावून बघितलं. “हा तर जुनाच आहे,” ती म्हणाली. बाबा म्हणाले, “मग काय सांगतोय? दुरुस्ती आहे.” दादा तिच्या यजमानांना डिस्प्लेची गोष्ट सांगत होता आणि आपल्या चुकीवर स्वतःच मोठ्याने हसत होता.

वहिनी हात पुसून खुर्चीवर बसली. तिने धडा उघडला. महाराष्ट्राचा नकाशा एका दमात पडद्यावर आला, नद्या, घाट, जिल्ह्यांच्या सीमा, सगळं. तिने एका तक्त्याची रेघ सरकवली, ती सरकली. जुन्या मशीनवर अशा रेघेची वाट बघत बसावं लागायचं. तिने मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. खोलीत चार माणसं उभी होती आणि पलंगावर एक पाय वर घेऊन आत्या बसायच्या बेतात होती.

“शुभा, चहाचं बघतेस ना?” आत्या म्हणाली.

“सगळे जरा ओट्यावर बसा,” वहिनी म्हणाली. “मला काम आहे.”

आत्या तशीच उभी राहिली. तिने दादाकडे बघितलं. दादाने बाबांकडे बघितलं. बाबा काठी टेकत बाहेर गेले, तेव्हा बाकीचेही निघाले. सगळ्यांत शेवटी दादा निघाला. दार अर्धं ओढून घेत त्याने आत विचारलं, “तुला साखर किती घालू?”

“नेहमीएवढी,” वहिनी म्हणाली. तिने पडद्यावरून नजर काढली नाही.

“नेहमीएवढी म्हणजे किती?” दादाने विचारलं. त्याला ते खरंच माहीत नव्हतं.